आवाज कुठे जातोय

स्पीकरमागची तार त्याने अंगठ्याने आत दाबली, ती घट्ट बसल्याची खात्री केली आणि गुडघ्यांवरच मागे सरकून फळीकडे पाहिलं. डावा स्पीकर भिंतीला फारच चिकटला होता. त्याने तो वीतभर पुढे ओढला, त्याचं तोंड खुर्चीकडे वळवलं आणि खाली रबराच्या चकत्या सरकवल्या. खुर्चीत वडील बसले होते. नाश्ता झाल्यापासून ते तिथून हलले नव्हते.

"भिंतीला टेकवला की घुमतो," तो त्यांच्याकडे वळून म्हणाला. "खालचे आवाज फुगतात आणि वरचं सगळं त्यात बुडून जातं."

"मग नकोच टेकवू," वडील म्हणाले.

नाट्यगृहांत, सभागृहांत ध्वनियंत्रणा बसवणं हा त्याचा धंदा होता. रंगमंचावरची कुजबुज शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळली पाहिजे, हे बघण्याचे त्याला पैसे मिळत. पण आजची जुळणी एकाच माणसासाठी होती. वडिलांनी सारा जन्म व्हायोलिन शिकवण्यात घालवला होता आणि अजूनही त्यांच्याकडे शिकायला माणसं येत. गेल्या हिवाळ्यात मात्र त्यांचा उजवा खांदा असा काही आखडला, की गज धरणं दूरच, सदऱ्याची बाही चढवायलाही आईचा हात लागू लागला. शिकवणं चालू राहिलं, वाजवणं संपलं. आईने फोनवर हे सांगितलं तेव्हापासून तो यामागे लागला होता. वाजवता येत नाही तर निदान नीट ऐकता तरी यावं, घरी आणि घराबाहेरही.

त्याने साबणाच्या वडीएवढी एक काळी पेटी वडिलांच्या तळहातावर ठेवली.

"सगळी करामत हिच्यात आहे. मोबाइलमध्ये गाणं असतं ते नुसते आकडे. ही त्यांचा आवाज करते, आणि हेडफोनला पुरेल एवढा जोरही देते. खांद्याच्या व्यायामाला जाता ना, तेव्हा खिशात टाकायची. हे छोटे, बंद कपांचे हेडफोन बसमधला गोंगाट बाहेरच ठेवतात. घरी आलात की पेटी इथे फळीवर, ही एक तार लावायची, झालं. तीच पेटी मग आवाज वाढवणाऱ्या या मोठ्या अॅम्पला गाणं पुरवते आणि स्पीकर वाजतात. आणि कुणाला त्रास न देता ऐकायचं असेल, तर हे."

त्याने दुसरे हेडफोन वर धरले. मोठे, मखमली गाद्यांचे, बाहेरून जाळी असलेले.

"यांची पाठ उघडी असते. डोक्यात आवाज कोंबल्यासारखा वाटत नाही. समोर कुणीतरी बसून वाजवतंय असं वाटतं."

"माणसाला कान दोन आणि हेडफोन चार कानांचे," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिच्या हातात एक पातेलं होतं. ते कोरडं झालं होतं, तरी ती पुसत होती. "अरे, कशाला त्यांच्या मागे लागतोस? कानावर काही ठेवलं की डोकं धरतं त्यांचं."

"एकदा ऐकू तर दे, आई."

"स्पीकरवर लाव ना. मी पण ऐकेन."

"स्पीकरवर नंतर. आधी हे." तो हसत वडिलांकडे वळला. "काय बाबा? आईला घाबरायचं का?"

वडिलांनी आईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "लाव," ते म्हणाले.

त्याने पेटी परत फळीवर ठेवली, हेडफोन त्यांच्या डोक्यावर बसवले, पट्टी लांबवली, पांढरे केस गादीखालून मोकळे केले. वडिलांच्या डोक्याला असा हात त्याने कधी लावला नव्हता. मोबाइलवर त्याने जे काढून ठेवलं होतं, ते लहानपणी या घरात झिजेपर्यंत वाजलेलं एकट्या व्हायोलिनचं वादन होतं. जुन्या तबकडीवरून त्याने ते स्वतः उतरवलं होतं आणि दर रविवारी बसून त्यातली खरखर काढली होती, ती इतक्या बेताने की सुराला धक्का लागू नये. त्याने मोबाइलचा पडदा वडिलांना दाखवला.

"ओळखलंत?"

वडिलांचा चेहरा उजळला. "हे? कुठे मिळालं तुला हे?"

"ऐका आता," तो म्हणाला आणि त्याने बोट टेकवलं.

वडिलांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांच्या डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर उतरली आणि एकामागून एक दबू लागली, व्हायोलिनची पट्टी खाली असावी तशी. चौथं बोट थरथरत लांबलं. भुवया वर गेल्या. तो समोर मांडी घालून बसला आणि बघत राहिला. मोठमोठ्या सभागृहांची ध्वनियंत्रणा त्याने उभी केली होती, मागच्या अंधारात उभं राहून टाळ्या ऐकल्या होत्या. पण आपण केलेलं काही वडिलांना असं लागलेलं तो पहिल्यांदाच बघत होता.

"हां... इथे!" वडील डोळे न उघडताच म्हणाले. एक बोट हवेत उभं राहिलं. "बघ, बघ कसा थांबतो तो!"

आवाज आणखी किंचित वाढवावा म्हणून तो फळीकडे सरकला. पेटीच्या पुढच्या अंगाला एक बटण होतं, तीन जागांचं: हेडफोन, स्पीकर, दोन्ही. हिरवा ठिपका मधल्या जागेवर होता.

मघाशी तारा तपासताना त्याने ते स्पीकरवर सरकवलं होतं. आणि मोठ्या अॅम्पचं मुख्य बटण अजून चालूच केलेलं नव्हतं.

तो ठिपक्याकडे बघत राहिला. आवाज कुठे जातोय, हा त्याचा रोजचा प्रश्न होता. कुठलाही हॉल गप्प झाला की तो पहिल्यांदा हेच विचारायचा आणि टोकापासून टोकापर्यंत वाट तपासायचा. आत्ताही त्याने ती मनात तपासली. मोबाइलमधून पेटीत, पेटीतून तारेत, तारेतून बंद अॅम्पमध्ये. तिथे वाट संपत होती. हेडफोनमध्ये काही जातच नव्हतं. त्याने वाकून कान हेडफोनच्या जाळीजवळ नेला. उघड्या पाठीच्या हेडफोनमधून बाहेर थोडा तरी आवाज झिरपतो. आत सगळं गप्प होतं.

वडिलांचं बोट अजून हवेत होतं.

ते खाली आलं, बोटं पुन्हा दबू लागली. शेवटी त्यांनी एक लांब श्वास सोडला, डोळे उघडले आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"स्वच्छ," ते म्हणाले. "एकेक तार वेगळी होते. छान केलंयस."

त्याने मान हलवली. मग तार बघतो असा हात करून तो खुर्चीच्या मागे गेला आणि उभा राहिला. वडिलांच्या मानेवरचा जुना तीळ त्याला दिसत होता.

"बाबा," तो म्हणाला.

वडील हेडफोनच्या गादीवरून बोट फिरवत होते.

"बाबा, तुमच्या मागे आग लागली आहे."

नेहमीच्या आवाजात, चहा हवा का विचारावं तसं तो हे म्हणाला. वडिलांनी गादी उलटी करून तिची शिवण पाहिली. स्वयंपाकघरात पातेलं ओट्यावर आपटलं आणि आई दारात आली.

"काय अभद्र बोलतोस रे हे..." तिने सुरुवात केली. मग तिने त्याचा चेहरा पाहिला, वडिलांची न वळलेली मान पाहिली, आणि ती जिथल्या तिथे थांबली. थोड्या वेळाने ती वडिलांसमोर गेली, त्यांना दिसेल अशी उभी राहिली आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "आम्ही जरा मागे कपडे काढतो. ऊन गेलंय."

ऊन कुठेच गेलं नव्हतं. मागच्या अंगणात ते भिंतीवर लख्ख पडलं होतं. आई दोरीवरचे चिमटे काढून ओच्यात टाकू लागली. तो नुसताच उभा होता.

"कधीपासून?"

"एकदम नाही गेलं," आई म्हणाली. "आधी पक्षी गेले. मग दाराची घंटा. मग माझा आवाज."

"आणि आता?"

"आता काही नाही. जड गाडी रस्त्यावरून गेली तर पायाला कळतं म्हणतात."

त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसू लागली आणि ते त्याला थांबवता येईना. बाबा फोनवर कधी येत नसत. 'फोनवर काय बोलायचं, घरी ये,' असा त्यांचा निरोप आईच द्यायची, आणि तो त्याला करारीपणा समजायचा. टीव्हीवर खाली अक्षरं उमटत असतील तेच ते बघायचे. जेवताना नेहमी तेच आधी बोलायचे आणि बोलतच राहायचे. तो दर सणासुदीला, दर आजारपणाला येत होता. समोर बसून जेवत होता. त्याला हसू आलं. पण बाहेर पडला तो भलताच आवाज.

"मग शिकवतात कसे?"

"मी बसते ना."

"म्हणजे?"

"वाजवणाऱ्याच्या पाठीमागे माझी खुर्ची असते. त्यांना मी दिसते. सूर चढा लागला की माझं बोट वर, उतरला की खाली. बरोबर असला की हात मांडीवर." तिने मांडीपाशी बोट हलवून दाखवलं. हालचाल इतकी छोटी होती की माशी उडवल्यासारखी वाटावी. "बाकी सगळं त्यांचं. गज, मनगट, मान, श्वास. बोट पट्टीवर पडायच्या आधी त्यांना कळतं की हे चुकणार. ते मला नाही कळत. आम्ही एकाच गुरूकडे शिकलो, विसरलास? सूर तेवढा माझा चांगला होता."

"आई, ही फसवणूक आहे."

"कुणाची?" तिने झटकून चादर ओढली. "बेसूर म्हणून एक तरी माणूस या घरातून बाहेर पडलाय का, सांग."

"कानाला यंत्र लावता आलं असतं."

"लावलं होतं. पत्र्याच्या डब्यात मांजर कोंडल्यासारखं व्हायोलिन वाजतं म्हणाले. काढून ठेवलं ते ठेवलंच. आणि कानात यंत्र घातलेल्या मास्तरांकडे सूर शिकायला कोण येणार होतं रे?"

त्याने दोरीवरून वडिलांचा सदरा ओढला. चिमटा न काढताच ओढला, तेव्हा दोरी ताणली आणि सुटून थडथडली. शाळा संपायच्या सुमाराला एका दुपारी वडिलांनी त्याच्या हातातलं व्हायोलिन काढून घेतलं होतं. खोक्यात ठेवून त्याची कडी लावली होती. 'तुझ्यात ते नाही. दुसरं काही बघ.' एवढंच म्हणाले होते. त्या वाक्याच्या रागावर तो शिकला, मोठा झाला, पुढे राग गेला पण वाक्य राहिलं. कुठल्याही नाट्यगृहात कुणी व्हायोलिन जुळवू लागलं, की तो काहीतरी कामाचं निमित्त करून बाहेर जायचा.

"माझ्या वेळी?" त्याने विचारलं. "माझ्या वेळी त्यांना ऐकू येत होतं?"

आईने चादरीची टोकं जुळवली. ती जुळत नव्हती. पुन्हा जुळवली.

"खालचं येत होतं. तुझी वरची तार नव्हती येत."

"म्हणजे तेव्हाही बोट तुझं होतं."

"हो."

"मग 'तुझ्यात ते नाही' हे तू ठरवलंस."

"नाही रे." ती चटकन म्हणाली. मग तिने अर्धी घडी पुन्हा उलगडली. "तुझा सूर सुरेख होता. तुझ्या वेळी माझं बोट फारसं हलायचंच नाही."

"मग काय झालं?"

"तुझे प्रश्न." आईने चादर छातीशी धरली. "बाकीची मुलं विचारायची, बोट कुठे ठेवू, गज कसा धरू. त्याला उत्तर होतं. तू विचारायचास, बाबा, हा सूर आज टोकदार का वाटतोय? कालचा गोल होता, आज खिडकी उघडी आहे म्हणून का? ही तार रडते आणि ती नाही, असं का? त्याला ते काय सांगणार? मी तरी बोट वर-खाली करून काय काय सांगणार? ते भलतंच काहीतरी बोलायचे, आणि तू त्यांच्याकडे असा बघत राहायचास. एक दिवस तू म्हणालास, बाबा, तुम्ही ऐकतच नाही. तू आपलं रुसून म्हणालास. त्या रात्री ते जेवले नाहीत."

"दुसऱ्या कुणाकडे पाठवायचं होतं."

"पाठवलं असतं तर त्याने पहिला प्रश्न काय विचारला असता? बाप एवढा नावाजलेला, मग पोरगा माझ्याकडे का?" तिचा आवाज खाली गेला. "आम्ही घाबरलो. एवढंच."

सदरा त्याच्या हातून सुटून मातीत पडला. तो वाकला, उचलला, झटकला, घडी घालू लागला. बाही आत दुमडायची ती बाहेरच राहत होती. तीन-चारदा तसं झाल्यावर त्याने तो तसाच आईच्या हातातल्या चादरीवर ठेवला आणि बाजूच्या फाटकातून रस्त्यावर गेला.

किती चालला हे त्याला कळलं नाही. एका दुकानासमोर उभा राहून तो बराच वेळ काचेतल्या कुलपांकडे बघत होता. आतल्या माणसाने काय हवं विचारलं, तेव्हा तो तिथून निघाला. परत फिरताना त्याच्या मनात एकच गोष्ट ठरली होती. दुपारी दातांची डॉक्टर शिकायला येते, हे त्याला माहीत होतं. दवाखाना सांभाळून ती वर्षानुवर्षं वडिलांकडे शिकत होती, आणि आता येत्या आठवड्यात शहराच्या वाद्यवृंदात तिची निवड-परीक्षा होती. तिला खरं कळलंच पाहिजे. मग राहायचं की दुसरीकडे जायचं, ते तिचं तिने बघावं. आपल्याला कुणी सांगितलं नाही, तिला तरी सांगावं.

ती फाटकापाशीच भेटली. खांद्याला व्हायोलिनचं खोकं, हातात छत्री.

"अरे, तुम्ही कधी आलात?" ती हसली. "काकू म्हणाल्या होत्या, येणार आहात म्हणून. सरांसाठी काहीतरी मोठं यंत्र आणणार होता ना?"

"तुमच्याशी बोलायचं होतं." तो म्हणाला. "आत जायच्या आधी. बाबांबद्दल."

"बरे आहेत ना सर?"

"बरे आहेत. पण त्यांना..." त्याने फाटकाची सळई धरली. "मलाही आजच कळलं. तुमची परीक्षा आहे म्हणून सांगतोय. बाबांना..."

"ऐकू येत नाही," ती हळूच म्हणाली.

त्याचा हात फाटकावरून सुटला.

"माहीत आहे आम्हाला. सगळ्यांनाच. नवीन कुणी आलं की जुनी माणसं पहिल्याच दिवशी सांगतात, सरांकडे बघून वाजव आणि कपाटाच्या काचेत काकूंकडे बघून सुधार." ती थोडं हसली. "त्या काचेत काकूंचं बोट स्वच्छ दिसतं. मला तर कधी कधी सरांच्या आधी कळतं, मी कुठे उतरले ते."

"आणि तरीही तुम्ही येता?"

"हात कसा मोकळा सोडायचा, हे मला दुसऱ्या कुणी शिकवलं नाही. ते सर बघतात. आणि माणसांच्या तोंडाकडे बघून त्यांना काय होतंय ते ओळखायचं, हे तर माझं रोजचं काम आहे." मग ती एकदम गंभीर झाली. "त्या दोघांना मात्र सांगू नका हं. काकूंना वाटतं, बोट कुणालाच दिसत नाही."

त्याने मान हलवली. ती पुढे निघाली आणि पुन्हा वळली. तिच्या चेहऱ्यावर खरोखरचं नवल होतं, टोमणा अजिबात नव्हता.

"पण तुम्हाला आजच कळलं? तुम्ही तर आवाजाचंच काम करता ना?"

फाटकाच्या लोखंडाचा गंज त्याच्या तळहाताला लागला होता. तो पँटला पुसत तो तिच्या मागून आत गेला.

बैठकीच्या दारात ती अचानक थांबली, तसा तोही थांबला. वडील आता बाजूच्या स्टुलावर बसले होते. त्यांनी दोघांना पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. त्यांच्या खुर्चीत आई बसली होती. डोक्यावर ते मोठे हेडफोन, मांडीवर पेटी. हिरवा ठिपका पहिल्या जागेवर सरकवलेला होता. तिचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर उताणे पडले होते, आणि तिचं एकही बोट हलत नव्हतं. वडील तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, सकाळी तो वडिलांकडे बघत होता तसे.

बऱ्याच वेळाने आईने डोळे उघडले आणि दारात माणसं बघून ती दचकून उठली.

"अगं बाई, तू आलीस होय! मी आपली बसले बावळटासारखी." हेडफोन काढताना तिचे केस विस्कटले. "अरे, काय हे यंत्र आहे! त्याने गज उचलायच्या आधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो. एवढी वर्षं ती तबकडी ऐकली, तो श्वास घेतो हे मला माहीतच नव्हतं."

"आवडलं ना?" त्याने विचारलं.

"आवडलं रे. फक्त उजवीकडे..." तिने उजवा कान बोटाने चोळला. "वरचे सूर उजवीकडून जरा कमी येतात का? लांबून आल्यासारखे."

त्याने हेडफोन हातात घेतले, एक कप कानाला लावला, मग दुसरा. दोन्हीकडे सारखंच वाजत होतं. व्हायोलिन वर चढलं होतं, धारदार आणि स्पष्ट. त्याने आईकडे पाहिलं. ती वाट बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत असं काही होतं जे त्याने त्या घरात आजवर पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असूनही त्याला कळलं नव्हतं.

"तार सैल आहे," तो म्हणाला. "बघतो मी."

"तरीच," आई म्हणाली आणि केस नीट करू लागली.

डॉक्टरने खोकं उघडलं, तारा जुळवल्या आणि ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. वडील आपल्या जागी बसले. तिच्या मागे, खिडकीजवळच्या खुर्चीवर आई बसली. तो जायला निघाला होता. पण दारापर्यंत जाऊन परत आला आणि आईच्या शेजारी खालीच, भिंतीला पाठ लावून बसला. या खोलीत शिकवणी चालू असताना तो बसला, त्याला आता कितीतरी वर्षं झाली होती.

तिने सुरुवात केली. वडील पुढे झुकले. "मनगट," ते म्हणाले, आणि गज सैल झाला. "खांदा पाड. घाई नको, श्वास घे." प्रत्येक शब्दासरशी सूर सुधारत गेला. त्याला ते लख्ख ऐकू येत होतं. या माणसाला ते ऐकू येत नाही, यावर सकाळपासून इतकं होऊनही त्याचा विश्वास बसेना. आईचं बोट एकदा वर गेलं, एकदा खाली. माशी उडवल्यासारखं. कपाटाच्या काचेत डॉक्टरचे डोळे क्षणभर तिकडे जाऊन परत आले.

मग वादन वरच्या तारेवर गेलं. उंच, लांब सूर, आणि तो टोकाशी पोचताना केसभर उतरला.

त्याला ते कानात टोचलं. त्याने आईच्या हाताकडे पाहिलं. हात मांडीवर होता, सपाट, निवांत. सूर तसाच उतरलेला पुढे सरकत होता, आणि आई वडिलांकडे बघून बरोबर असल्याची मान डोलावत होती.

त्याने विचार केला नाही. गुडघ्यावर टेकलेल्या हाताचं बोट त्याने खाली वळवलं.

वडिलांची नजर आईवर होती. ती हलली, खाली आली, त्याच्या बोटावर थांबली. तिथून त्याच्या चेहऱ्यावर आली. वडिलांच्या चेहऱ्यातलं रक्त ओसरून गेल्यासारखं दिसलं. गज चालूच होता. तो बोट तसंच ठेवून वडिलांकडे बघत राहिला. डोळे हटवावेत असं त्याला वाटलं, पण त्याने हटवले नाहीत.

"थांब," वडील म्हणाले. त्यांनी घसा साफ केला. "शेवटचा सूर उतरतोय. पुन्हा घे, तिथूनच."

आईने चमकून खाली पाहिलं. तिला त्याचं बोट दिसलं. तिचा हात मांडीवरून उचलला गेला, हवेतच घोटाळला आणि त्याच्या खांद्यावर येऊन टेकला.

डॉक्टरने व्हायोलिन पुन्हा हनुवटीखाली घेतलं. वडिलांनी डाव्या हाताने आपल्या खुर्चीची कड धरली आणि ती थोडी सरकवली, तिच्या मागची दोघंही दिसतील अशी.